चौदा नंबर वसईहून परत

"बर्था, जर्सी कुठाय?" युस्टेस अंकलनी परत विचारलं, आणि बर्था आंटी परत किचनमध्ये गेल्या. तिथेच समजायला हवं होतं काहीतरी गडबड आहे.

झालं असं, की त्यांच्या मुलीचा, रिचेलचा, चौदा नंबर तिचं जुनं कॉलेज रिटायर करणार होतं. म्हणजे यापुढे बास्केटबॉलच्या टीममध्ये तो नंबर कुणालाच मिळणार नाही, आणि तिची जर्सी काचेच्या फ्रेममध्ये जिमच्या भिंतीवर लागणार. बहरीनमध्ये, मनामातल्या त्या कॉलेजात हे आजवर कुणाचंच झालं नव्हतं. युस्टेस अंकलनी ऑफिसात सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, उम्म अल हस्सम एरियातल्या आपल्या आख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सोडलं नाही. गुरुवारी संध्याकाळी प्रोग्रॅम. कोच सुहा मॅडमचा फोन आला होता, रिचेलनं तीच जुनी जर्सी घालून शेवटची पाच मिनिटं खेळायचं, मग उतरवून फ्रेमसाठी द्यायची.

"कार्टनमध्ये गेली," बर्था आंटी किचनमधूनच म्हणाल्या.

आता गल्फमधून गावाला कार्टन पाठवायचं म्हणजे त्यात हवा जायला जागा ठेवायची नसते. दुधाची पावडर, साबण, बदाम, आणि नवे कॉफी मग फुटू नयेत म्हणून घरातले जुने कपडे. रिचेल आता बँकेत नोकरीला, जर्सी कपाटात नुसती पडलेली. आंटींनी मगाला गुंडाळून दिली पाठवून वसईला, अंकलच्या बहिणीकडे.

रिचेल म्हणाली, "इट्स ओके डॅडी, बाब अल बहरीनच्या बाजारात नवीन शिवून घेऊ." अंकलनी साफ नकार दिला. फायनलला समोरच्या पोरीनं खेचून तिचा खांदा फाडला होता आणि ही त्या फाटक्या जर्सीतच जिंकून आली होती. त्या खांद्यावर मग घातलेली शिवण नव्या जर्सीवर कुठून आणणार?

लगेच वसईला फोन. जर्सी होती, धुतलेलीसुद्धा नव्हती. आणि नशीब बघा, अंकलचा दोस्त सॅव्हिओ सुट्टी संपवून गुरुवारी सकाळीच परत येत होता. अंकलनी बहिणीला बजावलं, "हॅझेल, नीट पॅक करून दे गो. पोरीची इज्जत हाय ती."

हॅझेल आत्यानं नीटच पॅक केली. पण भावाच्या घरी माणूस जातोय आणि त्याच्या हाती एक जुनी बनियनसारखी जर्सी काय पाठवायची? लोक काय म्हणतील? तिनं सुके बोंबील घेतले, चांगले कडक, निवडून. पिशवीत भरले, आणि पिशवी फाटू नये म्हणून वरून जर्सी गच्च गुंडाळली.

पिशवी फाटलीच.

सॅव्हिओनं पार्सल दिलं तेव्हाच तो जरा लांब उभा होता. आंटींनी जर्सी धुतली, परत धुतली, लिंबू लावलं, गच्चीवर उन्हात टाकली. वास गेला नाही, उलट तापला. शेजारच्या आतिका आंटी धावत आल्या आणि त्यांनी जर्सीला उदाचा धूर दिला. आता तिला बोंबील आणि ऊद असा दोन्हींचा वास यायला लागला, दोघंही माघार घेईनात.

"कसला वास?" अंकल जर्सीत नाक खुपसून म्हणाले. त्यांचं आख्खं लहानपण बोंबील सुकवायच्या वलांडीखाली गेलेलं. "मस्त येतोय की. घरच्यासारखा."

रिचेल जर्सीकडे बघत राहिली, मग डॅडीकडे. डॅडीनं नवा सूट घातला होता. तिनं श्वास रोखला आणि टी-शर्टवर जर्सी चढवली.

जिम भरलेलं. शिट्टी वाजली, बॉल रिचेलकडे आला आणि जी पोरगी तिला अडवायला धावली ती मध्येच थबकली आणि नाक वळवून बाजूला झाली. दुसरी आली, तीही वळली. रिचेलनं आरामात बास्केट केली. मग अजून एक. मग लांबून, मग उलट्या हातानं. तिच्याभोवती कोर्टवर एवढी मोकळी जागा, की गाडी पार्क होईल. पब्लिक वेडं झालं.

"बघितलंस?" अंकल सॅव्हिओला म्हणाले. आवाज कापत होता. "आजच्या पोरी हायत, तयारीतल्या. पण एकीची हिंमत होत नाय जवळ यायची."

सॅव्हिओनं मान हलवली. त्यानं तोंडावर रुमाल धरला होता, म्हणून अंकलना वाटलं हाही रडतोय.

पाच मिनिटं संपली. सुहा मॅडम मिठी मारायला हात पसरून आल्या आणि दोन पावलं आधीच थांबल्या. छातीवर हात ठेवून, मान झुकवून त्यांनी लांबूनच सलाम केला. टीमनं पण तसाच केला. एवढा मान आजवर तिथं कुणाला मिळाला नसेल. तेवढ्यात युस्टेस अंकल बाकांवरून उड्या टाकत खाली आले आणि त्यांनी रिचेलला गच्च कवटाळलं. त्या दिवशी तिला मिठी मारणारे ते एकटेच.

"सगळ्या घाबरल्या तुला, पोरी."

"आय नो, डॅडी," रिचेल म्हणाली, आणि तिनंही त्यांना बराच वेळ सोडलं नाही.

मग जर्सी फ्रेममध्ये गेली. जिमचं काम बघणाऱ्या गनीभाईंनी काच बसवली, जरा वास घेतला, आणि कुणी न सांगता चारही कडांना टेप मारली. मग त्याच्यावर अजून एक टेप. मग फ्रेम उचलून भिंतीवर, अगदी छताजवळ लावली.

अंकलनी सॅव्हिओला कोपरानं ढोसलं.

"बघ," ते हळूच म्हणाले. "किती जपतात."