पुंजाभाऊ दुसऱ्या भागात

१९८५ साली मी एकोणसाठ वर्षांचा होतो आणि माझ्या रसवंतीसमोर एक माणूस रोज सकाळी मरत होता.

त्याचं नाव पुंजाभाऊ. माझा शेजारी, भिंतीला भिंत. मार्केटात मापाडी, म्हणजे दिवसभर कांद्याची मापं करायची. अंगानं वाळलेली शेवग्याची शेंग, पण मिशी दोघांना पुरेल एवढी. कामावर जाताना त्र्यंबक रोडला माझ्याकडे सायकल लावायचा, अर्धा ग्लास रस प्यायचा आणि विचारायचा, "नाना, जरा मरून दाखवू का?"

नको म्हटलं तरी मरायचा. आधी गळा धरायचा, मग डोळे पांढरे करायचा, एक पाऊल मागं, दोन पुढं, आणि बाकड्याशेजारी धाडकन. पडताना ग्लासातला रस मात्र सांडायचा नाही. नवं गिऱ्हाईक असलं की घाबरून उठायचं. एकानं तर फीट आली समजून त्याच्या नाकाला कांदा लावला. तेव्हा मढं डोळे न उघडता म्हणालं, "लांब ने रे बाबा, दिवसभर तेच आहे पुढं."

उठून धोतर झटकायचा आणि शिकवण द्यायचा, "लोकांना मरता येत नाय, नाना. लय घाई करतात."

ही विद्या तो सिनेमात शिकला. दोन वर्षांपूर्वी त्र्यंबक रोडच्या पुढं एका पडक्या बंगल्यात मुंबईची मंडळी भुताचा सिनेमा काढायला आली होती. सिनेमा कसला, खाटकाचं दुकान! एक जळक्या तोंडाचं भूत कुऱ्हाड घेऊन हिंडतं आणि दिसेल त्याला तोडतं. पुंजाभाऊ गर्दी बघायला गेला आणि मिशीमुळं बंगल्याचा माळी झाला. झाडांना पाणी घालताना मागून कुऱ्हाड येते, मान जाते, खेळ खलास.

अडचण आली रक्ताची. त्यांचं रक्त म्हणजे गुलाबाचं सरबत, अंगावरून पळून जायचं. मी दुसरी नापास माणूस, पण मला चिकट काय असतं ते कळतं. मी रसवंतीत काकवीही विकायचो, गावाकडच्या गुऱ्हाळातली. तिच्यात खायचा लाल रंग कालवून दिला. डायरेक्टरसाहेबांनी बोटावर घेतली, बघितली, चाखली आणि म्हणाले, "वा नानाजी! ये है असली खून!"

एक गोष्ट ना त्यांच्या ध्यानात आली ना माझ्या. बागेत काकवी सांडली की मुंगळे येतात. पुंजाभाऊ मान तुटून पालथा पडला आणि मुंगळ्यांची पंगत बसली. कानात, मानेवर, बंडीच्या आत. कॅमेरा चालू होता. माझ्या पायाला एक चावला तर मी बोंब मारली, पण तो गडी हलला नाही. "कट" म्हटल्यावर उठला तो सरळ विहिरीकडं पळाला. त्या दिवसापासून मरण या विषयात त्याच्यापुढं कोणी तोंड उघडायचं नाही.

त्याच साली दिवाळीनंतर माझी मंडळी गेली. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. त्यावर मी जास्त लिहीत नाही. मी रसवंती बंद ठेवली नाही, कुणापुढं रडलो नाही, कुणाच्या घरचा डबाही घेतला नाही. एवढंच की बोलणं कमी झालं. पुंजाभाऊनं माझ्या दारात मरायला सुरुवात केली ती त्याच सुमाराला. मला वाटलं, सिनेमाची नशा उतरत नाही अजून.

पुढं तो सिनेमा खेडोपाडी फिरला. सटाण्याकडं पुंजाभाऊचं गाव, तिथं म्हातारी आई. यात्रेत तंबू टॉकीज लागली तेव्हा हा जाऊन आला. आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली म्हातारी? पोरगा हिरो झाला म्हणून नजर काढली का?"

"दुसरा भाग कधी काढतात हो, नाना?" तो म्हणाला.

त्यानंतर हेच. पेपर आला की, "दुसऱ्या भागाचं काही आलंय का?" मुंबईचं गिऱ्हाईक दिसलं की, "साहेब, दुसरा भाग?" मी म्हणायचो, "एवढी हौस बरी नव्हे. तोंड बघ आरशात." तो हसायचा आणि मरून दाखवायचा.

आणि खरंच सिनेमावाले दुसऱ्या भागासाठी आले. पुंजाभाऊ मिशीला तेल लावून हजर. डायरेक्टरसाहेबांनी त्याला ओळखलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लेकिन बाबा, तू तो मर गया. पहले पार्ट में."

"मंग काय झालं?"

"अरे, मुंडी कट गई थी तेरी!"

"साहेब, तुमचं भूत तर जळून राख झालं होतं. त्याला परत यायला चालतं, अन मला नाय?"

साहेब हसले, पण काम काही दिलं नाही. पुंजाभाऊ मान खाली घालून परत आला. अर्धा ग्लास रसही प्यायला नाही, मेलाही नाही. हे मला सहन होईना. त्यांचा माणूस काकवीचे डबे न्यायला आला तेव्हा मी डब्यांवर बसलो. म्हटलं, "पुंजा नाही तर रक्त नाही. जा, सांग तुझ्या साहेबाला."

आख्ख्या नाशकात काकवी काय माझ्याकडंच होती? पण त्यांना दुसरं दुकान ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक करून दिलं नाही. एक दिवस त्यांनी सरबतावर काढला. दुसऱ्या दिवशी डायरेक्टरसाहेब स्वतः आले. म्हणाले, ठीक आहे, मेलेल्या माळ्याचा जुळा भाऊ दाखवू.

मी विजयी वीरासारखा डबे घेऊन पुंजाभाऊबरोबर बंगल्यावर गेलो. त्याला माळ्याचे कपडे दिले, हातात झारी दिली. मग साहेबांनी समजावलं, तू पाणी घालतोयस, भूत करवत घेऊन येतं आणि तुझे दोन तुकडे करतं.

पुंजाभाऊनं झारी खाली ठेवली. "मी मरणार नाय."

माझी तर लाजच गेली. मी म्हटलं, "अरे गाढवा, रोज माझ्या दारात फुकट मरतोस! आज पैसे देऊन मारतायत तर नखरे?"

"नाना, तुमच्या दारातलं निराळं. पडद्यावर मी मरणार नाय."

"क्यों?" साहेब ओरडले.

तेव्हा तो हात जोडून बोलला. तंबूत आईनं त्याची मान तुटताना बघितली. तो शेजारीच बसला होता, तिचा हात त्याच्या हातात होता, तरी ती ऊर बडवत बाहेर आली. त्या दिवसापासून तिनं गोड सोडलंय. गुळाचा खडासुद्धा तोंडात घेत नाही. म्हणते, आईनं पोराचं मरण बघू नये. मी बघितलं, आता तुला काय होतं या भ्यावानं मला झोप लागत नाही. जिथं मेलास तिथंच जिता दिस, मग गोड खाईन.

"साहेब, ती पिकलं पान आहे," पुंजाभाऊ म्हणाला. "मला नुसतं चालत जाऊ द्या."

दिवसभर माणसं तोडायचा धंदा करणारा तो माणूस, पण रंगाचे हात पुसत त्यानं करवत बाजूला ठेवायला सांगितली. मग म्हणाला, "भूत मरने के बाद. लास्ट सीन. पानी डाल और चला जा."

पुंजाभाऊ पाणी घालत गेला आणि जाता जाता वळून थेट कॅमेऱ्यात बघून हसला. तसं बघायचं नसतं म्हणे. असिस्टंट बोंबलला. साहेब म्हणाले, "रहने दो. माँ देखेगी."

सिनेमा नाशकात लागला तेव्हा पुंजाभाऊनं आईला एस.टी.नं आणलं. आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो. म्हातारी मुठीएवढी, पण आवाज खणखणीत आणि बोली अहिराणी. पडद्यावर रक्ताचे पाट, म्हणजे माझी काकवी, आणि ही पदर तोंडाला लावून त्या हिरोईनला सांगतेय, "माय व, मांगे देख ना! मांगे उभा शे तो मुडदा!" पुढची रांग हसत होती. पुंजाभाऊ हसत नव्हता. तो आईकडंच बघत होता.

शेवटी भूत जळालं. झालं म्हणून लोक उठले, कोणी चपला शोधतंय, कोणी शर्ट खोचतंय, आणि पडद्यावर सकाळ होऊन बाग दिसायला लागली. म्हातारीपुढं नुसत्या पाठी! मी बाकावर उभा राहिलो आणि रसवंतीवाल्याच्या गळ्यानं ओरडलो, "खाली बसा! मेलेला माणूस येतोय!"

भ्यायली का काय कोण जाणे, पण सगळी रांग मटकन खाली बसली. आणि पुंजाभाऊ आला. झारी घेऊन, मिशी घेऊन. वळला, हसला, गेला.

"मना पुंजा!" म्हातारी उभी राहिली. "जित्ता शे! मना पुंजा जित्ता शे!"

सोबत आणलेला गुळाचा खडा मी तिच्या हातावर ठेवला. तिनं तो दातानं फोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा माझ्या तोंडात घातला. मी कुणाचं काही घेत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर तिनं पुंजाभाऊला आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावला. "आते मरानं नही. खोटं बी नही. खा मनी आन." त्यानं आण घेतली. मग ती माझ्याकडं वळली. "भाऊ, तुले आते कोण हसाडी? हाऊ मले सांगे, नानानी बायको गयी तैपासून तो हसतच नही. मी मरस तवळच हसस."

हा मरतो तेव्हाच मी हसतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी पुंजाभाऊकडं बघितलं. तो सायकलीची घंटी तपासत होता. आभार मानायची मला सवय नाही, आणि त्याला ऐकून घ्यायची नाही. आम्ही तसेच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रसवंतीवर आला, अर्धा ग्लास रस प्यायला आणि नुसताच उभा राहिला. गिऱ्हाइकं म्हणाली, "पुंजाभाऊ, होऊन जाऊ द्या!" त्यानं मान हलवली. मी चरक थांबवला, टोपी काढून खुंटीला लावली, रस्त्यावर आलो, गळा धरला, एक पाऊल मागं, दोन पुढं, आणि एवढ्या माणसांसमोर बाकड्याशेजारी मेलो.

"घाई केली, नाना," वरून आवाज आला, आणि तो पोट धरधरून हसायला लागला.