‘उठ’ या शब्दाचे मेजवानीतील परिणाम

माणूस आवडते गाणे जन्मभर ऐकत नाही. काही वर्षांनी ते आपले आवडते आहे एवढेच तो लक्षात ठेवतो आणि बाकीचे विसरून जातो. हे गंभीर सत्य आमच्या तालुक्याच्या सांस्कृतिक खात्याने वेळीच ओळखले, म्हणून आज आमच्याकडच्या मेजवान्या साऱ्या किर्गिझस्तानात सर्वात आधी उभ्या राहतात. याबद्दल खात्याचे करावे तेवढे कौतुक थोडेच आहे.

ज्या गाण्यामुळे हे घडले ते असानकुल अगायचे. (आमच्याकडे मास्तरांना अगाय म्हणतात. असानकुल निवृत्त झाला तरी त्याचे हे शेपूट कुणी काढून घेतले नाही.) तो वीस वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. रिवाजाप्रमाणे अंगणात तंबू उभा राहिला, आणि आत त्याची आई भिंतीकडे तोंड करून बसली व कोशोक म्हणू लागली. कोशोक म्हणजे गेलेल्या माणसासाठी बायका सुरात रडतात ते. असानकुलने शाळेचे टेप मशीन लपवून आणले आणि तो आवाज धरून ठेवला. का, ते त्यालाही सांगता येत नसे. अकरा वर्षांनी त्याने ‘खोगीर उतरवू नका’ हे गाणे बांधले आणि त्याच्या मधोमध आईचा तो आवाज तसाच ठेवला: “उठ. उठ की रे, तुझा घोडा दाराशी उभा आहे.”

गाणे रेडिओवर लागले की माणसे ट्रॅक्टर थांबवून रडत. रडणे ही त्या काळी आवड व्यक्त करण्याची मान्यताप्राप्त पद्धत होती.

पुढे एल्दियार आला. तालुक्यातल्या लग्नांना आवाजाची यंत्रे पुरवणारा हा गृहस्थ स्वभावाने कनवाळू. गाण्यात घोडा, दार, बाप आणि मरण असे नाचाला चार अडथळे आहेत हे त्याने पाहिले आणि चारही दूर केले. खाली उरला एकच शब्द, ‘उठ’. तो त्याने चौसष्ट वेळा एकापुढे एक ठेवला आणि त्याखाली ठोका घातला.

परिणाम काय झाला ते आकड्यांवरूनच कळावे. पूर्वी मटण-शेवयांचे बेशबर्मक खाऊन झाल्यावर पाहुणे जागचे उठायला सरासरी सत्तेचाळीस मिनिटे घेत. आता नऊ सेकंद. पाहणी झालेल्या चारशे बारा मेजवान्यांत उठलेल्यांमध्ये प्लास्टर घातलेले दोन, न्यायाधीश एक आणि गाढ झोपेतले तेरा जण होते. (शेजारच्या गावी तेराव्यासारखे जेवण चालू असताना रस्त्यावरच्या मोटारीतून ‘उठ’ ऐकून एक जण खांदे उडवत उठला आणि माफी मागून खाली बसला. त्याला अर्धा धरला आहे.)

एवढे यश मिळाल्यावर त्याची चौकशी होणे ओघाने आलेच. ‘आवडत्या गाण्याची नाचाची आवृत्ती इतकी परिणामकारक का ठरते’ हे शोधण्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी कुमुशाय बारातोव्ना आल्या. बाईंनी आजवर एकाही नाचात भाग घेतलेला नसल्यामुळे त्या निःपक्षपाती मानल्या जात. सदर आवृत्ती ही गाण्याची अधिकृत आवृत्ती असल्याचे त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केले. यापुढे मूळ गाणे सार्वजनिक जागी वाजवायचे तर परवानगी लागेल, असेही ठरले. मग साक्ष द्यायला असानकुलला बोलावण्यात आले. बोलावण्याच्या पत्रात त्याचा उल्लेख ‘कच्च्या मालाचा पुरवठादार’ असा होता.

असानकुल साक्ष द्यायला गेला आणि अर्ज देऊन बसला. शनिवारी त्याच्या मुलीची, बेगायिमची, पाठवणी होती. मुलगी सासरी निघतानाही घरातल्या वयस्क बाईने कोशोक म्हणायचे असते. बेगायिमला आजीने वाढवले होते आणि तुझ्या वेळी मीच म्हणेन असा शब्दही दिला होता. आजी जाऊन सहा वर्षे झाली. गावात आता दुसऱ्या कुणाला ते येत नाही. टेपवरची अकरा सेकंदे तेवढी उरली आहेत, तर मूळ गाणे एकदा, पुरते, ठोक्याशिवाय वाजवू द्यावे, असे त्याने लिहिले होते.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला. “अगाय, माझं ऐका. लोक भरल्या पोटानं बसलेले असतात. त्यांना तुम्ही बाप आठवायला लावणार?”

“माझा मी आठवेन,” असानकुल म्हणाला. “त्यांनी आपापला आठवावा.”

अर्ज प्रयोग म्हणून मंजूर झाला. अटी अशा: गाणे जेवणानंतरच लावावे, त्यास ‘संथ आवृत्ती’ म्हणावे, समितीचा एक सदस्य घड्याळ घेऊन हजर असेल, आणि पाहुण्यांची गैरसोय होत आहे असे दिसताच एल्दियारने ठोका सुरू करावा. चौथी अट असानकुलने वाचली, पण सही आधीच करून झाली होती.

घरी जाताना तो एल्दियारकडे वळला. काहीही झाले तरी ठोका लावू नकोस, म्हणून त्याने हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. एल्दियारला वाईट वाटले.

“अगाय, तुमची आई माझ्यामुळे घराघरात पोचली.”

“ती आधीच पोचली होती.”

“रडायला पोचली होती. आता नाचायला पोचते. जास्त आमंत्रणं कशाला येतात, तुम्हीच सांगा.”

ते खरेच होते, म्हणून असानकुल घरी गेला.

शनिवारी दुपारी दोनशे चाळीस पाहुणे जेवले. मग संथ आवृत्ती सुरू झाली. पहिले कडवे चालू असताना लोकांनी हाडे चोखली, तळलेले बोरसोक पिशव्यांत भरले आणि नवऱ्यामुलाच्या मावशीच्या वजनाविषयी मते मांडली. दुसऱ्या कडव्याला असानकुलने मान खाली घातली. कुणीच ऐकत नव्हते. आईला आपण पुन्हा चारचौघांत आणून बसवले आणि तिच्याकडे पाठ करून लोक खात बसले, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आणि आईचा आवाज आला. “उठ.”

दोनशे चाळीस माणसे उठली. (सदस्याच्या घड्याळाप्रमाणे तीन सेकंदांत. हा उच्चांक आहे.) सर्वांनी हात वर केले आणि ते ठोक्याची वाट पाहत उभे राहिले. ठोका आला नाही. त्या शांततेत म्हातारी पुढे म्हणाली, “उठ की रे, तुझा घोडा दाराशी उभा आहे.” ही ओळ कित्येकांनी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

ज्याला उद्देशून ती दिवसभर ‘उठ’ म्हणत राहिली तो काही उठला नव्हता. आज एक्केचाळीस वर्षांनी तिच्या एका शब्दावर सगळा गाव उभा होता, हात आकाशाकडे करून, गप्प. ते तिच्यासाठीच उभे आहेत असे असानकुलला वाटले. तो लाज न बाळगता रडला आणि एवढे सुख त्याला कित्येक वर्षांत झाले नव्हते. त्याने लेकीला शोधले. मेजवानीच्या सगळ्या दालनात ती एकटीच बसलेली होती. कुणी न सांगता बेगायिम भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

अकरा सेकंदे झाली. हात दुखू लागले.

“काय रे, मशीन अडकलं का?” नवऱ्यामुलाच्या मावशीने विचारले.

गैरसोय होत असल्याचे सिद्ध झाले. एल्दियारने एकदा असानकुलकडे पाहिले, एकदा समितीच्या सदस्याकडे पाहिले आणि ठोका लावला. छत हलले. न्यायाधीश पुन्हा नाचले. रडणाऱ्या असानकुलला दोघांनी दंडाला धरून मध्ये ओढले. तो नाही नाही म्हणत असताना पुरवठादाराचा डावा पाय चौथ्या ठोक्याला जमिनीवर पडला, आणि पुढे पडतच राहिला, अशी नोंद सदस्याने केली आहे. भिंतीजवळून उठून बेगायिम त्याच्याजवळ आली. तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग पायाकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “निदान तोंड तरी पुसा.”

प्रयोग यशस्वी झाल्याचे समितीने एकमताने ठरवले. अहवाल लिहिण्याचे काम, गावात अक्षर चांगले म्हणून, असानकुलवरच आले. त्याने नऊ पाने लिहिली. त्यात वडील कसे गेले ते होते, तंबूतले तीन दिवस होते, म्हातारीचा शेवटचा हिवाळा होता, आणि भिंतीकडे तोंड करून बेगायिम काय म्हणत होती ते शब्दाला शब्द होते.

कुमुशाय बारातोव्नांनी ती पाने वाचली आणि नंतर बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग, मजकूर प्रामाणिक असला तरी वाचणारा जागचा हलत नाही, असा शेरा मारून त्यांनी ती एल्दियारकडे पाठवली. एल्दियारने हिवाळा काढला, तीन दिवस काढले, मुलीचे शब्द काढले. आकडे घातले, अटी घातल्या, दर थोड्या अंतराने एकेक कंस ठेवला. आपण आत्ता वाचलीत ती हीच अधिकृत आवृत्ती होय.

मूळ नऊ पाने खात्याच्या कपाटात आहेत. साध्या कागदावर अर्ज केल्यास ती कुणालाही वाचायला मिळतात. अधिकृत आवृत्ती आजवर हाती पडलेल्या प्रत्येकाने हसत हसत शेवटपर्यंत वाचली आहे, आणि त्यात आता आपली भर पडली. अर्ज अजून एकही आलेला नाही.