श्रवण अधिकारी थेरॉन पेटवे यांचे मत

निवडणुकीला दहा आठवडे उरले असताना नागरी श्रवण प्रतिष्ठानाच्या मंडळाने एकमताने ठराव केला, की कष्टकरी काळ्या पुरुषांचे कोणी ऐकून घेत नाही, त्यामुळे ते मतदानापासून दुरावले आहेत, सबब त्यांचे ऐकून घेण्यात यावे. हे काम थेरॉन पेटवेकडे आले. थेरॉन चव्वेचाळीस वर्षांचा होता, काळा होता, ओहायोतल्या त्याच शहराच्या पूर्व भागात वाढला होता, अजून तिथेच राहत होता आणि तरुणपणी टायरच्या गोदामात त्याने अकरा महिने माल उचलला होता. परिचयपत्रात हे अकरा महिने दर वर्षी थोडे वाढत. यंदा त्याने नुसते ‘श्रमिक पार्श्वभूमी’ असे लिहिले, म्हणजे मोजण्याचा प्रश्नच मिटला. त्याला ‘वरिष्ठ श्रवण अधिकारी’ हे पद मिळाले.

प्रतिष्ठानाच्या नियमावलीनुसार काळे पुरुष न्हाव्याच्या दुकानात मोकळेपणी बोलतात. त्यामुळे एका सोमवारी संध्याकाळी, न्हाव्यांच्या सुट्टीच्या दिवशी, एक दुकान भाड्याने घेण्यात आले. थेरॉनने बोलावलेले पाच जण एरवी शनिवारी बोलिंग खेळायला भेटत आणि तिथे भरपूर बोलत. पाचांपैकी तिघांच्या डोक्यावर केस नव्हते, चौथा बायकोकडून कापून घेई. तरीही ते आले, कारण थेरॉनचा बाप त्यांच्यातल्या काहींबरोबर कचऱ्याच्या गाडीवर होता आणि त्याच्या पोराला नाही म्हणणे त्यांच्या जिवावर आले. प्रतिष्ठानाने पाला आणि उकडलेले हरभरे पाठवले होते. ते कोपऱ्यात राहिले. मंडळींनी तळलेला मासा आणि ब्रेड बरोबर आणला होता.

थेरॉनने फॉर्म काढला. पहिला प्रश्न होता, ‘आपण मतदानापासून दूर का गेलात?’

सगळ्यात वडीलधारे ल्यूशियस टॉलिव्हर होते. एकसष्ट वर्षांचे, एकोणतीस वर्षे कचऱ्याची गाडी चालवणारे. वस्तीत त्यांना सगळे मिस्टर ल्यूशियस म्हणत. त्यांनी प्रश्न दोनदा वाचायला लावला आणि मग शांतपणे सांगितले, की अठरा पूर्ण झाल्यापासून त्यांनी एकही निवडणूक सोडलेली नाही. अध्यक्षाची, राज्यपालाची, शाळा मंडळाची आणि जिला आठ टक्के लोक आले होते ती ग्रंथालयाच्या करावर कौल घेणारीसुद्धा. बाकीच्यांचेही थोड्याफार फरकाने तसेच निघाले. एकाने एक मत चुकवले होते. त्या दिवशी तो ऑपरेशनच्या टेबलावर होता, आणि त्याबद्दल तो अजून खजील होता.

फॉर्ममध्ये उत्तरासाठी तीन पर्याय होते: उदासीनता, अविश्वास आणि माहितीचा अभाव. थेरॉनने बाहेर येऊन संचालिका डॉ. होल्कम यांना फोन लावला. त्यांनी समजुतीने ऐकले. हे लोक अजून खुललेले नाहीत, त्या म्हणाल्या, विश्वास संपादन व्हायला वेळ लागतो. थेरॉनला हे पटले. ज्या माणसांनी त्याला सायकल शिकवली होती त्यांचा विश्वास संपादन करायला तो आत गेला.

आत विषय बदलला होता. हेझल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सिग्नल नव्हता. मार्च महिन्यात पाचांपैकी वेंडेल, जो बेकरीत कामाला होता, बसमधून उतरून रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडला, आणि तेव्हापासून कुबड्यांवर होता. त्याआधी त्याच कोपऱ्यावर एक म्हातारी गेली होती. या मंडळींनी दारोदार फिरून चारशे सह्या गोळा केल्या होत्या. पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला नगर परिषदेपुढे सुनावणी होती. पण सकाळी दहा ही वेळ कामावरच्या माणसाची नव्हती, आणि वेंडेलचे त्याच सकाळी डॉक्टरकडे पायाचे काम होते.

“तुझ्याकडे कोट आहे, शिक्षण आहे, दिवसाची मोकळीक आहे,” मिस्टर ल्यूशियस म्हणाले. “तीन मिनिटं बोलायचं आहे. सह्यांचे कागद मी देतो. जाशील?”

थेरॉनला मनापासून जावेसे वाटले. पण त्या मंगळवारी प्रतिष्ठानाचे सक्तीचे प्रशिक्षण होते. विषय होता ‘सखोल श्रवण’. त्याने तसे सांगितले. त्याने अहवालात लिहिले, ‘सहभागींनी वाहतुकीविषयी भावना व्यक्त केल्या,’ आणि दुसरे सत्र त्याच मंगळवारी दुपारी तीनला ठेवले, कारण दुकान तेव्हाच मिळत होते.

प्रशिक्षणात दोघादोघांच्या जोड्या केल्या होत्या. एकाने बोलायचे, दुसऱ्याने मान हलवायची. थेरॉनची जोडी एका तरुण बाईशी लागली. ती स्वतःच्या मांजराबद्दल बोलली आणि थेरॉनने इतकी अचूक मान हलवली, की प्रशिक्षकाने सर्वांना थांबवून त्याची मान पाहायला सांगितली. त्याला बरे वाटले. साधारण त्याच वेळी मिस्टर ल्यूशियस बिनपगारी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून परिषदेच्या बाकावर बसले होते. त्यांचा क्रमांक लागायला दुपारचे साडेतीन झाले.

त्यामुळे दुसऱ्या सत्राला ते आले नाहीत. बाकीचे तिघे जेवणाच्या सुट्टीत आणि वेंडेल डॉक्टरकडून थेट, असे चौघे त्यांना धीर द्यायला परिषदेवर गेले आणि तिथेच अडकले, म्हणून तेही आले नाहीत. थेरॉन रिकाम्या खुर्च्यांसमोर पाऊण तास बसला. नियमावलीप्रमाणे अनुपस्थित व्यक्तीची नोंद ‘उदासीन’ अशी करायची होती. त्याने पाच नोंदी केल्या. पर्याय तीनच होते.

डॉ. होल्कमना त्या संध्याकाळी फार समाधान वाटले. अखेर ते खुलले, त्या म्हणाल्या. ‘पाचांपैकी पाच उदासीन’ या निष्कर्षावर अहवाल छापला गेला, थेरॉनचे नाव झाले आणि त्याला रेडिओवर बोलावणे येऊ लागले. काळ्या कष्टकऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे तो खालच्या आवाजात सांगे. सांगता सांगता त्याचे त्यालाच वाईट वाटे. एकदा मिस्टर ल्यूशियसनी कचऱ्याची गाडी चालवताना रेडिओवर त्याचे बोलणे ऐकले. शनिवारी बोलिंगला त्यांनी एवढेच सांगितले, की पोराचा आवाज बापासारखा आहे. परिषदेने सिग्नल मंजूर केला होता, ही बातमी त्यांनी त्याच दिवशी थेरॉनला सांगितली. थेरॉनने ती अहवालात घालायचे ठरवले, पण अहवाल छापून झाला होता.

मतदानाच्या दिवशी थेरॉन पहाटेपासून तीन रेडिओ केंद्रांवर होता. लोक मत द्यायला का येत नाहीत, यावर दिवसभर बोलून संध्याकाळी सहाला तो घरी आला, बूट काढले, पाय टेबलावर ठेवले. इतक्यात दार वाजले. दारात मिस्टर ल्यूशियस होते. रस्त्यावर त्यांचा जुना पिकअप चालूच होता. सकाळपासून त्यातून त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना केंद्रावर ने-आण केली होती.

“चार वाजता केंद्राच्या दारावर यादी लागली,” ते म्हणाले. “कोणी मत दिलं ते बघत होतो. आपल्या दोन गल्ल्यांतलं एकच नाव नाही त्यात.”

थेरॉनला आधी कोण असेल याची व्यावसायिक उत्सुकता वाटली. मग कान गरम झाले.

“मिस्टर ल्यूशियस, आजचा दिवस फार धावपळीचा होता.”

“मागच्या शाळा मंडळाच्या वेळीही तुझं नाव नव्हतं. त्याच्या आधीही नव्हतं.” त्यांनी खुर्ची ओढली, बसले, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. “मी काही रागवायला आलेलो नाही. तू सांग. मी ऐकतो.”

आणि थेरॉन बोलला. इतक्या वर्षांत त्याला असे कोणी विचारलेच नव्हते. बोलता बोलता तो मोकळा होत गेला, दोनदा भावूकही झाला. मिस्टर ल्यूशियसनी मान हलवली नाही, मध्ये तोंड घातले नाही. सात वाजून पाच मिनिटांनी त्यांनी चष्मा मिटला.

“झालं? केंद्र साडेसातला बंद होतं. बूट घाल.”

थेरॉनने बूट घातले. सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी त्याने मत दिले. बाहेर कुबड्यांवर उभ्या वेंडेलने टाळी वाजवली. ती टिंगल होती की कौतुक, हे थेरॉनने विचारले नाही.

प्रतिष्ठानाच्या वार्षिक अहवालात पुढे एक यशोगाथा आली. चव्वेचाळीस वर्षांचा एक उदासीन काळा पुरुष, श्रमिक पार्श्वभूमी, नाव गुप्त, केवळ ऐकून घेतल्यामुळे मतदान केंद्रापर्यंत पोहोचला. ऐकणाऱ्याच्या जागी प्रतिष्ठानाचे नाव होते. मजकूर थेरॉननेच लिहून दिला होता. या प्रकरणाची देशभर वाखाणणी झाली, आणि त्या पुरुषाने मत न देण्याची जी कारणे सांगितली ती परिशिष्टात सविस्तर छापली गेली. ती इथे उतरवून घेतलेली नाहीत. वाचणाऱ्याला ती पाठच असतात. मागच्या खेपेला आपण त्यातले कोणते वापरले, तेवढे ज्याने त्याने आठवावे.