साळवे सिस्टरांचे केसपेपर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या शेजारच्या साळवे सिस्टरांशी मी एकदा खोटं बोललो. वाक्य एवढंसंच होतं, पण त्यानं एका शहाण्या बाईचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला. ते वाक्य सांगतोच. पण आधी सिस्टर कोण होत्या ते सांगायला हवं, नाहीतर मी काय करून बसलो ते कळायचं नाही.

सिस्टरांनी भेट दिली की भेट तुमची, पण कागद त्यांचा.

आमच्या मनूच्या वाढदिवसाला त्या पुडकं घेऊन येत आणि ते तिच्या हातात ठेवून तिथंच उभ्या राहत. "सावकाश. घाई करायची नाही. दोरा सोड, ओढू नको. कागद परत न्यायचाय मला." मनू जीव मुठीत धरून गाठ सोडवी. आत रंगपेटी असो की बाहुली, सिस्टरांचं लक्ष कागदाकडे. तो मिळाला की त्या तळहातानं सपाट करत, उलटा करत आणि पदराखालून पेन्सिल काढत. कागदाच्या मागच्या बाजूला त्याची सगळी हकीकत लिहिलेली असे: 'कुलकर्णी, मुंज. पवार, वास्तुशांत. डाव्या घडीला चीर, टाका घातला.' त्याच्याखाली त्या लिहीत: 'मनू, वाढदिवस. प्रकृती उत्तम.'

"केसपेपर आहे हा त्याचा," त्या म्हणत.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती. रिटायर होऊन नाशिक रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आल्या, ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. एकट्याच. नाव रूथ, पण ते फक्त लाइटबिलावर. बाकी सगळ्यांना त्या सिस्टर. चिकटपट्टीशी त्यांचं हाडवैर होतं. "चिकटपट्टी म्हणजे कागदाचं गँगरीन," असं त्या लग्नाच्या मांडवातसुद्धा मोठ्यानं सांगत, आणि यजमानीणबाईंच्या हातातल्या भेटीवरची पट्टी स्पिरिटच्या बोळ्यानं सोडवून देत.

कुणी काही टाकायला निघालं की त्या जिन्यात आडव्या येत. तुटक्या छत्रीची दांडी नाडी बघितल्यासारखी दोन बोटांत धरत, क्षणभर डोळे मिटत, आणि निदान सांगत, "जीव आहे अजून." मग ती छत्री त्यांच्याकडे भरती होई. कधीकधी मात्र मान हलवत. "गेली. न्या." तेव्हा ती वस्तू खरंच टाकण्यासारखी आहे, याबद्दल बिल्डिंगमध्ये कुणाला शंका उरत नसे.

हे सगळं वर्षभर जमत जाई ते नाताळासाठी.

सिस्टरांच्या नाताळाला बाजारातून दिव्याची वायर सोडून काही येत नसे. येशूच्या जन्माचा गोठा द्राक्षांच्या पेट्यांच्या फळ्यांचा, आत पेट्यांतलंच गवत. मेंढ्या औषधांच्या बाटल्यांतल्या कापसाच्या. बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन मागी, म्हणजे ज्ञानी लोकांपैकी एक म्हणजे माझ्या वडिलांचा दाढीचा ब्रश, त्याला कांद्याच्या जाळीचा अंगरखा. वडील मुद्दाम खाली जाऊन बघून येत आणि आईला सांगत, "मी आहे अजून तिथं. उजवीकडून दुसरा."

ख्रिसमस ट्री म्हणून त्या अंगणातला कढीपत्ता सजवत. "तोडलेलं झाड आठ दिवसांत मरतं. आणि याचं निदान आमटीत काही होतं." पण डिसेंबरभर बायकांची पंचाईत. फोडणी तडतडते आहे आणि खाली झाडावर चकाकणाऱ्या बुचांच्या माळा चुकवून पानं खुडायची. माझी बायको सुनंदा एकदा चिडून म्हणाली, "सिस्टर, तुमच्या झाडामुळं माझं तेल जळलं." सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मग गॅस बारीक करून खाली यावं."

सगळ्यात कडी म्हणजे त्यांची चांदणी. ती जुन्या एक्स-रेच्या फिल्मांची होती. आत दिवा लागला की पाच टोकांत कुणाच्या तरी बरगड्या उजळत. पोरं विचारत, "सिस्टर, हा माणूस कोण?"

"टीबीचा पेशंट. बरा झाला. या टोकातला न्यूमोनिया, तोही बरा झाला. बरे न झालेल्यांच्या फिल्म मी लावत नाही."

नानकटाईसाठी त्या मैदा, तूप, साखर स्वतःच्या डब्यांतून बेकरीत नेत आणि भाजून त्याच डब्यांतून परत आणत. बेकरीवाला म्हणे, "सिस्टर, एक तरी खोका न्या की. माझं नाव छापलंय त्याच्यावर."

"तुझं नाव मला पाठ आहे," सिस्टर म्हणत.

पाठ तर त्यांना सगळंच होतं. आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचं कधी कोणतं दुखणं झालं, कोणाला कोणतं इंजेक्शन चालत नाही, हे त्यांना वही न बघता सांगता येई. अर्ध्या गल्लीला त्याच इंजेक्शन देत. "चाळीस कॉट होत्या माझ्या वॉर्डात. एकाचं औषध दुसऱ्याला गेलं नाही कधी," एवढीच एक बढाई मी त्यांच्या तोंडून ऐकली.

आता कार्डाचं सांगतो.

त्या काळी डिसेंबर आला की दुकानांबाहेर ग्रीटिंग कार्डांचे स्टँड लागत. सिस्टर कार्ड विकत घेत नसत. त्यांच्याकडे एकच होतं. नर्सिंगच्या शिक्षणाला असताना त्यांच्या खोलीत मालेगावची झुबेदा नावाची मुलगी होती. घरापासून दूर पहिलाच नाताळ, सिस्टर रडत बसलेल्या. झुबेदानं एक कार्ड आणून दिलं. वर घंटा आणि हिरवी पानं. पुढच्या रमजान ईदला सिस्टरांनी तेच कार्ड, खाली एक ओळ लिहून, झुबेदाला परत दिलं. तेव्हापासून ते चालूच होतं. एका नाताळाला मालेगावहून नाशिकला, पुढच्या ईदला नाशिकहून मालेगावला. दर खेपेला एकच ओळ. जागा संपली की कोऱ्या कागदाचं पान जोडायचं, तेही ऑपरेशनच्या धाग्यानं टाके घालून. मी ते लांबून पाहिलं होतं. हातात घेऊ देत नसत.

ते सपाट राहावं म्हणून त्या ते सगळ्या केसपेपरांच्या मधोमध ठेवत. तो गठ्ठा प्लायवूडच्या दोन तुकड्यांमध्ये बँडेजनं बांधलेला असे, आणि घरात भिंतीला ओल म्हणून त्यांच्या ट्रंकेवर, जिन्याखाली.

मग एका वर्षी मी स्कूटर घेतली. स्कूटर ठेवायला जिन्याखालची जागा उत्तम होती. मी सोसायटीचा सेक्रेटरी. 'जिन्यात सामान ठेवू नये' अशी पाटी मीच लावली. सिस्टरांना स्पष्ट सांगायचा मात्र धीर झाला नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात त्यांनी महिनाभर तिचं सगळं केलं होतं. कोणत्या तोंडानं सांगणार?

दिवाळीनंतर त्या भाचीच्या बाळंतपणासाठी चांदवडला गेल्या. एका रविवारी सकाळी रद्दीवाला आला. ट्रंक मी त्यांच्या दाराशी सरकवली. गठ्ठा त्याच्या काट्यावर ठेवला. मनात म्हटलं, कागदच तर आहेत. कार्ड आत आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण विचारायला हवं होतं, हे ठाऊक होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला सिस्टर परत आल्या. त्या वर्षी नाताळ आणि रमजान ईद एकाच आठवड्यात येत होती आणि कार्ड सिस्टरांकडे होतं. या खेपेला टपालानं पाठवायचं नाही, स्वतः मालेगावला घेऊन जायचं, झुबेदाच्या घरी शीरखुर्मा प्यायचा, असं ठरलं होतं. कधी नव्हे ते त्यांनी नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. "दिलीप, जिन्याखालचा माझा गठ्ठा कुठं रे? कार्ड आहे त्यात झुबेदाचं."

खरं सांगायची ती वेळ होती. सुनंदा मागं उभी होती, खाली जिन्याशी स्कूटर उभी होती. आणि मी म्हणालो:

"सिस्टर, जायच्या आधी तो तुम्हीच घरात नेलात की. मी पाहिलं ना."

हेच ते वाक्य.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. संशयानं नव्हे. आठवत होत्या. कपाळावर आठ्या घालून आपल्याच डोक्यात काहीतरी शोधत होत्या. मग म्हणाल्या, "तू पाहिलंस म्हणजे नेलाच असणार."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी रद्दीच्या दुकानात गेलो. दुकानदार हसला. "साहेब, ट्रक जाऊन महिना होत आला." घरी आलो तर सिस्टरांनी सगळं घर अंगणात काढलेलं. पेट्या, डबे, छत्र्या. कढीपत्त्याखाली बसून एकेक डबा उघडत होत्या. मी त्यांना मदत केली. हो, मी शेजारी बसून त्यांच्याबरोबर चार तास ते कार्ड शोधलं.

त्या मालेगावला गेल्या नाहीत. "रिकाम्या हातानं काय जायचं? इतक्या वर्षांचं माझ्या हातून हरवलं." त्यांनी पत्रानं तसं कळवलं, तर झुबेदाबाईंचं उत्तर आलं, हरकत नाही, नवं घेऊ. सिस्टरांनी नवं घेतलं नाही.

नाताळ होऊन गेला आणि एके दिवशी पवारांच्या आजी इंजेक्शन घ्यायला आल्या, तर सिस्टरांनी दार अर्धवटच उघडलं. "दवाखान्यात जा, आजी. माझा भरवसा नाही आता."

"काय झालं हो सिस्टर?"

"ठेवलेलं आठवत नाही मला. उद्या औषध चुकेल."

त्यानंतर त्यांनी सुई हातात घेतली नाही. घरभर चिठ्ठ्या लागल्या: 'गॅस बंद केला, सात दहा. र. साळवे.' 'नळ बंद, सात बारा. र. साळवे.' ड्यूटी बदलताना करतात तशी प्रत्येकाखाली सही. बिल्डिंगमध्ये लोक हसत. मी बघून न बघितल्यासारखं करी. गॅस कधी चालू राहिला नाही, नळ कधी वाहिला नाही. त्या काहीएक विसरत नव्हत्या. फक्त विसरतो आहोत असं मानत होत्या, कारण सेक्रेटरीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि बाहेर निघाल्या की कुलूप ओढून बघत आणि मलाच हाक मारत. "दिलीप, लावलं का रे मी? बघ जरा."

"लावलंय, सिस्टर."

"तू बघितलंस ना? मग झालं."

पुढच्या नाताळाला चांदणी लागली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मनूनं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कोणती फिल्म बऱ्या झालेल्याची, ते नक्की सांगता येत नाही मला आता. चुकीची लागायची."

पाच-सहा वर्षांनी त्या गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता. दफनविधीला चांदवडची भाची होती, बिल्डिंग होती, आणि मालेगावहून एस.टी.नं आलेल्या झुबेदाबाई होत्या. पांढरी ओढणी, हातात काठी. सगळं आटोपल्यावर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"तुम्हीच ते दिलीपभाई? रूथ पत्रात लिहायची, शेजारी चांगला आहे, लक्ष ठेवतो."

मी मान खाली घातली.

"आम्ही कार्डावर एकच ओळ लिहायचो. पत्रातलं निराळं, कार्डावरचं निराळं. वर्षभरातली एकच खरी गोष्ट, असं ठरलं होतं. एका वर्षी तिनं लिहिलं, 'यंदा डिसेंबरात वॉर्डात कुणी गेलं नाही.' बस, एवढंच. आणि रिटायर झाली त्या वर्षी लिहिलं, 'आता सकाळी माझी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून मी वस्तू भरती करून घेते.' मी खूप हसले. मग रात्रभर रडले."

आम्ही सगळे त्या छत्र्यांना हसत होतो.

मग त्या हळूच म्हणाल्या, "भाई, एक विचारू? खरं सांगा. ती खरंच विसरायला लागली होती का? मला वाटायचं, कार्ड हरवलं हा बहाणा असेल. कंटाळली असेल माझ्याशी. इतक्या वर्षांनी होतं माणसाचं असं. रूथला मी सोडून दुसरं कोण होतं, आणि मलाही."

देवानं दुसऱ्यांदा माझ्यासमोर तीच वेळ आणून ठेवली होती. भाची चार पावलांवर उभी होती, बिल्डिंगची माणसं होती. मी म्हणालो, "हो. विसरायच्या थोड्या."

झुबेदाबाईंनी डोळे पुसले. "म्हणजे मनातून काढलं नव्हतं मला. बरं झालं सांगितलंत." मला दुवा देऊन त्या काठी टेकत बसथांब्याकडे गेल्या.

त्याला आता तीन वर्षं होतील. स्कूटर मी केव्हाच विकली. झुबेदाबाई मालेगावलाच आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. पत्ता माझ्याकडे आहे. 'झुबेदाबाई, सिस्टर काहीही विसरल्या नव्हत्या, कार्ड मी रद्दीत घातलं, आणि खोटं मी बोललो, एकदा त्यांच्याशी आणि एकदा तुमच्याशी.' हे त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.