उत्तरेकडची बाजू

माझी स्मरणशक्ती दांडगी आहे, हे मीच माझ्या तोंडानं सांगते, कारण घरात दुसरं कुणी सांगत नाही. दातांच्या दवाखान्यात मी पुढच्या टेबलावर बसते. पेशंटनं तोंड उघडायच्या आत त्याची कुठली दाढ काढलीय ते मला आठवतं. त्यामुळे लग्नानंतर अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला मी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्याच वर्षाला 'जगाचा प्रादेशिक भूगोल' समोर आला, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. नावंच तर पाठ करायची."

"जगात नावं बरीच आहेत," नवरा म्हणाला.

नावांची मला भीती नव्हती. भीती होती मॅडमची. त्या तोंडी परीक्षेला भिंतभर नकाशा लावत. त्यावर एकही नाव नसायचं, नुसते किनारे. आपल्या हातात काठी द्यायच्या, एक प्रदेश सांगायच्या आणि मग गप्प बसायच्या. आख्खा वर्ग त्यांना मागून 'कोरा नकाशा' म्हणायचा. पहिल्या चाचणीत माझ्यापुढच्या बाईंनी ब्राझील दाखवायला काठी उचलली आणि ती समुद्रातच फिरवत राहिल्या. मॅडम रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. त्या बाई पुन्हा कॉलेजात दिसल्या नाहीत.

तेव्हापासून माझी झोप उडाली. मी ठरवलं, आपलं डोकं चालवायचंच नाही. मॅडम वर्गात जे बोलतात ते शब्द न् शब्द पाठ करायचं आणि त्यांचंच त्यांना परत द्यायचं. घरात पाठांतर करायची सोय नव्हती, कारण सासूबाई मधेच "कोण खचलं?" असं विचारायच्या. म्हणून मी गच्चीवर जायची. तिथून फोनवर ड्रायव्हरकाकांना ऐकवायची. ड्रायव्हरकाका म्हणजे माझ्याच वर्गातले, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. इंजिनाशेजारी बसून बसून त्यांचे कान गेलेले, त्यामुळे मला जरा मोठ्यानं बोलावं लागे. जरा म्हणजे चांगलंच.

त्या संध्याकाळी आमचा आग्नेय आशिया चालला होता. त्यातलं जकार्ता. मी गच्चीच्या कठड्याला टेकून खणखणीत आवाजात म्हटलं, ते असं: "उत्तरेकडची बाजू दरवर्षी खचतेय. कारण उघड आहे. जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसलं. वरचं ओझं वाढत गेलं आणि खालची जमीन दबत गेली. समुद्र आत येतोय. सरकारनं दुसरीकडे हलायचं ठरवलंय. पण सगळ्यांना हलवता येणार नाही."

"वा," काका म्हणाले. "मॅडमच बोलल्यासारख्या वाटल्या."

मी खुशीत खाली आले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आले तर नवरा हातात चपला घेऊन दारात उभा. "हळू चाल," तो कुजबुजला.

"का? आई झोपल्यात?"

"इमारत खचतेय."

मी पर्स खाली ठेवायला वाकले होते, ती तशीच छातीशी धरली. नवऱ्यानं सांगितलं ते असं. काल गच्चीवर सरकारी सर्व्हेवाली बाई येऊन गेली. तिनं मोजमाप घेतलं आणि तिथूनच वरच्या साहेबांना फोनवर कळवलं, की आपल्या बोअरच्या मोटरनं खालचं पाणी उपसून उपसून जमीन पोकळ झाली आहे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी टाकीमागे दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या, त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुपारीच मोटर बंद केली.

"आणि कुठली बाजू?" मी विचारलं.

"उत्तरेकडची."

आमचं घर उत्तरेकडे आहे.

आता तुम्ही म्हणाल, हिला तेव्हाच कसं कळलं नाही. नाही कळलं. माणूस घाबरला की त्याचं डोकं आधी खचतं. शिवाय सर्व्हे, साहेब, मोजमाप असं सगळं लागल्यावर ती गोष्ट मला माझी वाटलीच नाही. उलट मला वाटलं, मॅडम शिकवतात ते सगळं खरं आहे, आणि ते आता आपल्या दारात येऊन ठेपलंय.

"असंच होतं," मी नवऱ्याला म्हटलं. "जगात असं झालंय. पाणी काढलं की जमीन बसते."

"तुला माहितीय हे?"

"परीक्षेला आहे."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. आतापर्यंत त्याला थोडी शंका होती. मी टेबल टेनिसचा चेंडू काढला आणि हॉलच्या मधोमध ठेवला. तो क्षणभर थांबला आणि सुळकन बाल्कनीकडे गेला. बाल्कनी उत्तरेला.

"तो नेहमीच तिकडे जातो," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "पाणी जावं म्हणून गवंड्यानं उतार दिलाय."

"आई, उठा. तुम्ही उत्तरेच्या खोलीत बसलायत."

"मी बसले तर बुडेल आणि उठले तर तरेल अशी इमारत असेल, तर बुडू दे."

सेक्रेटरींच्या कानावर गेलं की मी कॉलेजात हेच शिकते. एरवी ते मला जिन्यात ओळखही देत नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये जमवून मला पुढे उभं केलं आणि "आपल्याच इमारतीतल्या भूगोलतज्ज्ञ" अशी ओळख करून दिली. मी भांडी घासायचा स्पंज ओला करून आणला होता. त्यावर पितळी डबा ठेवला. पाणी निथळलं, स्पंज दबला आणि डबा तिरका झाला. कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. डबा घरंगळून खाली पडला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या टेलरकाकांनी डोळे मिटून घेतले.

"उपाय काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

उपाय मॅडमनी शिकवला नव्हता. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "वरचं ओझं कमी करायचं."

मग जे सुरू झालं ते बघायला हवं होतं. उत्तरेकडच्या घरांतली कपाटं, फ्रिज, पाण्याची पिंपं, सगळं दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या घरांत जाऊ लागलं. दक्षिणेवाल्यांनी आधी माणुसकी दाखवली आणि मग दारं लावून घेतली, कारण आता आपली बाजू खचेल असं त्यांना वाटायला लागलं. टेलरकाकांनी शिवणाचं लोखंडी मशीन, ज्यावर त्यांनी तीन मुलींची शिक्षणं केली, ते जिन्यावरून एकेक पायरी उतरवून फाटकापाशी नेऊन ठेवलं आणि त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसले. पाणी नव्हतंच. माणसं बादल्या घेऊन समोरच्या इमारतीत जात होती आणि तिथले लोक आम्ही बुडत्या जहाजातून आल्यासारखं आमच्याकडे बघत होते.

सेक्रेटरींना जिन्याच्या भिंतीत एक भेग सापडली. त्यांनी तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भेग रुंदावली तर काच फुटेल, अशी युक्ती. सकाळी मी दूध आणायला निघाले तर काच फुटलेली. मी तिथेच पायरीवर बसले. वर नजर गेली तर नवरा कठड्यावरून बघत होता. मी बघताच तो आत गेला.

त्या दिवशी टेलरकाका मुलीकडे राहायला गेले. सासूबाई मात्र हलेनात. मी त्यांच्या हाताला धरून ओढलं, रडले, पाया पडले. त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी हे घर घेतलं. मला इथून न्यायचं तर चौघांनी उचलून न्या." हे ऐकल्यावर माझी भीती वेगळीच झाली. आतापर्यंत मी नापास व्हायला घाबरत होते. आता मला रात्रंदिवस त्यांचा पलंग उत्तरेकडे कलताना दिसायला लागला.

म्हणून मी जे कधी केलं नसतं ते केलं. वर्ग सुटल्यावर मॅडमना गाठलं. बोलताना माझे दात वाजत होते, आणि दातांचं मला चांगलं कळतं. "मॅडम, आमची इमारत खचतेय. सर्व्हे झालाय. एकदा येऊन बघाल?"

मॅडमनी माझ्याकडे ब्राझीलवाल्या बाईंकडे बघितलं होतं तसं बघितलं. मग म्हणाल्या, "येते."

मॅडम आल्या. इमारतीभोवती फिरल्या, भेग बघितली, मोटर बघितली. मग सगळे पार्किंगमध्ये जमले. मॅडमनी विचारलं, "सर्व्हेचा कागद कुठाय?"

"कागद नाही," सेक्रेटरी म्हणाले. "तोंडी कळलंय. वहिनींकडून."

वहिनी पुढे आल्या. बिचाऱ्या इतक्या घाबरल्या होत्या, की ऐकलेलं विसरू नये म्हणून रोज मनात घोकत होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. "उत्तरेकडची बाजू दरवर्षी खचतेय. कारण उघड आहे. जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसलं..."

हे शब्द मला ओळखीचे वाटले. वाटले कसले, माझेच ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले होते. इमारत खचत नव्हती हे त्या क्षणी मला कळलं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला वाटलं, आता खचली तर बरं.

"...सगळ्यांना हलवता येणार नाही," वहिनींनी संपवलं. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "अजून एक होतं. मी कुणाला सांगितलं नाही, लोक उगाच घाबरतील म्हणून. ती बाई म्हणाली, समुद्र आत येतोय."

"समुद्र?" सेक्रेटरी म्हणाले. "कुठला समुद्र? दिवसभर गाडी पळवली तरी समुद्र लागत नाही इथून."

मॅडमनी वहिनींकडे नीट बघितलं. मग हळू म्हणाल्या, "ही वाक्यं माझी आहेत."

त्यांनी मान वळवली. मी फाटकापाशी टेलरकाकांच्या मशीनमागे सरकले होते, पण मशीन कमरेएवढं आणि मी भरपूर.

"पाठांतर छान आहे," मॅडम मला म्हणाल्या. "शहराचं नाव तेवढं राहिलं."

सगळी इमारत माझ्याकडे बघत होती. तिथे कोरा नकाशा नव्हता, काठी नव्हती, पण माझी तोंडी परीक्षा चालू झाली होती. मी कसंबसं म्हटलं, "जकार्ता, मॅडम."

"ते कुठल्या मजल्यावर राहतात?" सेक्रेटरींनी विचारलं.

मग मला सगळं सांगावं लागलं. गच्ची, फोन, ड्रायव्हरकाकांचे कान, सगळं. वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी सर्व्हेवाली बाई असते तरी त्यांनी मला इतकं वाईट मानलं नसतं. "पण काच?" कुणीतरी म्हणालं. "काच तर फुटली."

माझा नवरा घसा खाकरून पुढे आला. "ती आमच्या कपाटानं फुटली. वळणावर कोपरा लागला. मी सांगणार होतो, पण सगळे इतके घाबरले होते, की म्हटलं, आता एका काचेनं काय होतंय."

त्या संध्याकाळी मोटर सुरू झाली. टेलरकाका परत आले आणि मशीन वर न्यायला माझ्या नवऱ्यानं खालून खांदा दिला. काकांनी मशीन जागेवर लावलं, चाक एकदा फिरवून बघितलं आणि मग मला म्हणाले, "पोरी, पुढच्या वेळी सपाट प्रदेशाचा अभ्यास कर." त्यांना हसू आलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

तोंडी परीक्षेत मला आग्नेय आशिया आलाच नाही, पश्चिम युरोप आला. मी पास झाले, पण जेमतेम. मॅडमनी निकालाच्या वेळी एवढंच विचारलं, "ऑस्ट्रेलियाच्या वर काय येतं ते आता पाठ आहे ना?" मी म्हटलं, आहे, जकार्तासकट. "मग ते मनातल्या मनात म्हणत जा," त्या म्हणाल्या.

सध्या आमचा पॅसिफिकभोवतालचा ज्वालामुखींचा पट्टा चालू आहे. मी न्हाणीघरात दार लावून, ओठ मिटून अभ्यास करते. तरी सासूबाई बाहेरून दारावर टकटक करतात आणि विचारतात, "काय फुटणारे ते आधी सांग, म्हणजे मी औषधं बरोबर घेते."