अण्णांची याचिका, माझी सही

आमच्या मजल्यावरचे अण्णा गायधनी विरामचिन्हांसकट बोलतात. "नमस्कार वहिनी स्वल्पविराम सवड आहे का प्रश्नचिन्ह" असं ते दारातून विचारतात, आणि मीही "आहे पूर्णविराम" म्हणून मोकळी होते. हा मोबाइलचा परिणाम. अण्णांना टाइप करता येत नाही, म्हणून ते मोबाइलला तोंडी मजकूर सांगतात. दिवसभर सांगून सांगून आता माणसांशीही तसंच बोलतात.

मजकूर एकाच प्रकारचा: ऑनलाइन याचिका. अण्णा एका संस्कृतिरक्षक मंचाचे शहरप्रमुख आहेत. (मंचाचं नाव सांगत नाही. उगाच माझ्याविरुद्ध याचिका निघायची.) बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या भावना रोज दुखावतात. कधी साबणाच्या जाहिरातीने, कधी पंचवटीतल्या एखाद्या हॉटेलच्या नावाने. "दुखावल्या उद्गारचिन्ह" असं ते सकाळी जिन्यातच जाहीर करतात आणि मग सह्या गोळा करायला निघतात.

मी सगळीकडे सही करते. पटतं म्हणून नाही. वाद घालण्यापेक्षा ओटीपी सांगून टाकणं लवकर होतं, आणि घरी केक करून विकणाऱ्या बाईला शेजाऱ्यांशी वाद परवडत नाही. घाटाजवळच्या अंड्यांच्या गाड्यांविरुद्ध सही केली, तेव्हा मी अंडीच फेटत होते. हात बरबटलेले, म्हणून अण्णांनीच माझ्या वतीने बटण दाबलं.

"एवढी अंडी कशाला प्रश्नचिन्ह"

"केसांना लावते."

"दोन डझन?"

"केस फार गळतात, अण्णा."

माझे केक बिनअंड्याचे असतात, असं अण्णांनी स्वतःच ठरवून टाकलंय. मीही त्यांच्या भावना कधी दुखावल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात नवी याचिका आली: देवांची चित्रं असलेल्या केकवर बंदी घाला. मी न वाचता सही केली. अण्णा गेल्यावर लिंक उघडली, तर फोटोतला केक माझाच. बाळकृष्ण, लोण्याचं मडकं, कडेने मोरपिसं. ती मोरपिसं काढताना माझी मान धरली होती, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. गिऱ्हाइकाने पाठवलेला तो फोटो जाहिरात म्हणून मीच माझ्या पेजवर टाकला होता. मंचातल्या कुणीतरी तो उचलला आणि खालचं माझं नाव कापलं. स्वतःच्या धंद्यावर बंदी मागणारी मी पहिलीच बाई असेन. सही पाचवी. अण्णा म्हणाले होते, "लगेच प्रतिसाद देता, हे कौतुकास्पद."

मग मजकूर वाचला. त्यात होतं, "बाळकृष्णावर सुरी चालवली, आणि तीही डाव्या हाताने!"

फोटोत चेहरा कुणाचाच नव्हता. एका बाईचा डावा हात, त्या हातात बाळाची मूठ आणि मुठीत सुरी.

तो हात मुग्धाचा, अण्णांच्या मुलीचा. ती डावखुरी. तिच्या लहानपणी "मुग्धे, उजवा हात!" ही अण्णांची हाक चारही मजल्यांवर ऐकू यायची. दोन वर्षांपूर्वी तिने एका ख्रिश्चन मुलाशी रजिस्टर लग्न केलं. त्याच महिन्यात अण्णांची याचिका निघाली, आईवडिलांच्या संमतीशिवाय लग्नं नोंदवू नयेत अशी. त्या एका याचिकेसाठी ते सही मागायला कुणाच्या दारात आले नाहीत. मुग्धा राहते नाशिकरोडला. रिक्षाने अर्धा तास, पण इकडे येत नाही. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची ऑर्डर मात्र तिने मलाच दिली. म्हणाली, "काकू, बाळकृष्णच काढा. अण्णा मला त्याच्याच गोष्टी सांगायचे."

संध्याकाळी अण्णा पुन्हा आले. "वहिनी स्वल्पविराम मदत हवी आहे. तो केकवाला कोण आणि केक कापणारं घर कुणाचं, दोन्ही नावं मंचाला उद्या पाहिजेत. तिथे निदर्शनं करायची आहेत."

"केकवाली मी," म्हटलं. "माझी सही पाचवी आहे. बघा."

अण्णा हसले. मी हसत नाही म्हटल्यावर थांबले. "आणि घर?"

"फोटो बघा. सुरी कुठल्या हातात आहे?"

"डाव्या. मीच लिहिलंय की."

"आपल्या बिल्डिंगमध्ये डावखुरं कोण होतं, अण्णा?"

अण्णांनी दारातच दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी बांगड्यांचा हात दिसला. त्यांनी आणखी मोठा केला, मग नुसती बाळाची मूठ राहिली, अंधुक.

"हा फोटो याचिकेतून काढता येतो?"

"येतो. याचिकाच काढता येते."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मी याचिका काढून टाकली. त्यांनी घाईने मोबाइल परत घेतला. "माझ्याकडचा फोटो नाही ना गेला?"

"नाही. तो राहतो. पण मंचाला उद्या काय सांगणार?"

"सांगेन, घर सापडत नाही."

ते वळले, दोन पावलं गेले आणि परत आले.

"वहिनी, मुलगा की मुलगी?"

मला माहीत होतं. पण मी मुग्धाचा नंबर लावला आणि माझा फोन त्यांच्या हातात दिला. "तिलाच विचारा," म्हटलं, आणि ओव्हन बघायला आत गेले.

ओव्हनमध्ये काहीच नव्हतं.