मोटारीची झूल

राणीसावरगावच्या दिनकररावांची मोटार लढाई सुरू झाल्यापासून गोठ्यात उभी होती. पेट्रोलचा परवाना मिळेना. पण तिच्या काळ्याभोर रंगात आपल्या मिशा पाहिल्याशिवाय दिनकररावांना सकाळचा चहा गोड लागत नसे. त्या रंगासाठी त्यांचा जीव टांगणीला लागलेला. गोठा म्हटला की धूळ आली, कोंबड्या आल्या! मोटारीला पांघरूण घालायचं त्यांनी ठरवलं. (तिथंच सगळं बिघडलं.)

ताडपत्री घातली, ती उकाड्यात रंगाला चिकटली. घोंगडी घातली, तर लोकरीनं ओरखडे पडले असतील म्हणून दिवसातून दहा वेळा उठून ती उचलायची. बायकोकडे, चतुराबाईंकडे, जुनं लुगडं मागितलं, तर त्यांनी नुसतं पाहिलं. शेवटी त्या शेजारी गेल्यावर दिनकररावांनी पेटीतून बैलांच्या पोळ्याच्या दोन मखमली झुली काढल्या, एकमेकींना टाचल्या आणि मोटारीवर पसरल्या. त्या दुपारी त्यांना झोप लागली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात गेले आणि ओरडलेच. मोटारीच्या दोन्ही मडगार्डांवर हळद-लोणी चोपडलेलं! सालगडी लिंबाजी पळसाच्या पानानं अजून चोळतच होता.

"लिंबाजी, काय करायलास हे?"

"खांदमळणी, मालक. बैलांचे खांदे मळले, तसे हिचेबी. झूल दिसली, म्हनलं औंदा हिलाबी मान हाय. बैलांसंगं हिलाबी आवतन दिलं, उद्या जेवायला ये म्हनलं."

"पूस आधी!"

तोवर चतुराबाई आल्या. झुली पाहून आधी भडकल्या, पण आवतन ऐकताच त्यांनी हात जोडले. "आता पुसायचं न्हाई. दिलेलं आवतन मोडत नसतेत. उद्या तोरणाखालून न्यायचीच हिला."

"अगं, पेट्रोल कुठंय?"

"बैल हायेत की."

दुसऱ्या दिवशी मानाची जोडी उघड्या अंगानं मोटार ओढत तोरणाखालून गेली. झुली मोटारीच्या अंगावर, आत सुकाणू धरून दिनकरराव. सगळं गाव हसत होतं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दारात चतुराबाईंनी बैलांना ओवाळून पुरणपोळी चारली, मोटारीलाही ओवाळलं आणि ताट घेऊन अडल्या.

"हिला तर तोंडच न्हाई!"

लिंबाजीनं खिडकीतून आत बोट दाखवलं. "हे काय, आत हाय की."

दिनकररावांनी मुकाट्यानं दोन पोळ्या खाल्ल्या. (भूक लागलीच होती.)

आठ दिवसांनी चतुराबाई माप घ्यायला सुतळी घेऊन आल्या. नवी मखमल आणली होती. दिनकररावांना भरूनच आलं.

"मोटारीला झूल शिवायलीस?"

"मोटारीला ताडपत्री हाय. पोळ्या कोन खाल्ल्या?" असं म्हणत त्यांनी सुतळी दिनकररावांच्या पाठीला लावली. "जरा वाका."